धुक्यात दिसेल असा रंग

काकूंनी आम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही परांचीवर होतो. बंगळुरात बसवनगुडीतल्या एका दुमजली घराच्या दर्शनी भिंतीला दुसरा हात चालला होता. माझा थोरला भाऊ, ज्याला घरचेच काय, सगळी गल्ली अण्णा म्हणायची, तो वरून मला सांगत होता की रंग पातळ झालाय, स्वल्प दाट कर. खाली रस्त्यावर एक वयस्कर बाई थांबल्या, मान वर केली आणि विचारलं, "तुम्ही मराठी का हो?"

"हो की," अण्णा म्हणाला.

त्यांना हसू आलं. आमचं मराठी ऐकून पुण्याकडच्या माणसांना हसू येतंच. आमचे पूर्वज कधीतरी कोणत्यातरी फौजेबरोबर इकडे आले आणि राहिले. शाळा कन्नड, बाजार कन्नड, मराठी फक्त घरातलं. त्यामुळे त्यात थोडंला स्वल्प आणि बरंला सरी, असे कन्नड शब्द मिसळून गेलेले. काकू मात्र शुद्ध बोलायच्या. त्यांचे यजमान पुण्याहून सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले होते, सगळी नोकरी बंगळुरात झाली. काकू आता शहराच्या उत्तर टोकाला, येलहंक्याला मुलीकडे राहत होत्या. बसवनगुडीत देवळाला आल्या होत्या.

गावाबाहेरचं काम घेता का, असं त्यांनी विचारलं. अण्णा खाली उतरला, हात पुसले. चिकमगळूरच्या वरच्या डोंगरात त्यांचं एक घर होतं, कॉफीच्या लहानशा मळ्यात. बाहेरून रंगवायचं होतं. डोंगरातलं काम आम्ही कधी केलेलं नव्हतं. बंगळुरात भिंतीला रंग लावायचा आणि विसरून जायचं. इथली हवा रंगाला लाडाने वाढवते. तिकडे चार महिने पाऊस थांबत नाही असं ऐकून होतो. अण्णा म्हणाला, बघून येतो, मग सांगतो.

"बघा. पण एक गोष्ट आधीच सांगते," काकू म्हणाल्या. "रंग धुक्यातून दिसला पाहिजे. लांबून."

अण्णाने मान डोलावली. लोक चित्रविचित्र गोष्टी मागतात, त्याची आम्हाला सवय होती. ही मागणी का होती ते पुढच्या आठवड्यात कळलं, येलहंक्याच्या त्यांच्या मुलीच्या घरी, काम ठरवायला गेलो तेव्हा. काकूंनी सगळं सरळ सांगितलं. आवाज कुठे चढला नाही की उतरला नाही. मधून वायुदलाचं विमान घरावरून गेलं की त्या थांबायच्या, आवाज ओसरला की पुढचं वाक्य बोलायच्या.

यजमानांना निवृत्तीनंतर डोंगरात राहायचं होतं. आयुष्यभर यंत्रांच्या खडखडाटात काढल्यावर त्यांना शांतता हवी होती. जुना बंगला आणि थोडी कॉफी त्यांनी विकत घेतली. काकूंना ते मुळीच मानवलं नाही. कपडे वाळत नाहीत, पापडाला बुरशी, चपलेला बुरशी, शेजार नाही, बोलायला माणूस नाही. तरी गेल्या. दुसऱ्या पावसाळ्यात एका संध्याकाळी पाऊस जरा थांबला म्हणून यजमान पाण्याचा पाट बघायला बाहेर पडले. ते गेले आणि धुकं आलं. घराला तेव्हा पांढरा चुना दिलेला होता. अंगणात उभं राहिलं तरी घर दिसेना, असं धुकं.

थोड्या वेळाने फाटकाच्या बाजूने त्यांची हाक आली. काकूंनी व्हरांड्यातून ओ दिली. पुन्हा हाक आली, पुन्हा ओ दिली. मग हाक आली नाही. धुक्यात घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं यजमानांनीच त्यांना बजावून ठेवलं होतं. त्या कंदील धरून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठी त्यांची छत्री सापडली. ओढा फुगलेला होता. ते सापडले नाहीत.

"पांढरं घर," काकू म्हणाल्या. "दाराशी येऊन दिसलं नसेल त्यांना."

मुलगी आत कॉफी करत होती. जिन्यापर्यंत ती आमच्याबरोबर आली आणि हलकेच म्हणाली की आईला समजावून दमले, आता तिला हवं ते करू द्या.

दिवाळी झाल्यावर आम्ही गेलो. अण्णा, मी आणि आमच्याकडचे दोन जुने रंगारी. जीपने शेवटच्या वळणावर सोडलं. फाटकातून वर वाट होती, दोन्ही बाजूंना कॉफी आणि तिच्यावर उंच सिल्व्हर ओकची सावली. वर घर. वाटेच्या डाव्या अंगाला जमीन उतरत जाऊन ओढ्याला मिळत होती आणि ओढ्यापलीकडे एक काळा उभा कडा होता.

घर पांढरं राहिलं नव्हतंच. पावसाच्या तोंडाची भिंत वाशांपर्यंत हिरवीकाळी झाली होती. हात लावला तर हाताला शेवाळ लागायचं, त्याखाली चुना ओल्या भाकरीसारखा भुसभुशीत. अण्णाने नखाने खरवडून पाहिलं आणि नुसता श्वास सोडला. तारेच्या ब्रशांनी घासण्यातच पहिले दिवस गेले. मळ्याच्या राखणदाराने कॉफीवर फवारायला ठेवलेलं मोरचूद दिलं. ते पाण्यात विरघळवून आम्ही भिंती धुतल्या, म्हणजे शेवाळ मुळापासून मरावं. मग भिंत वाळायची वाट पाहायची. तेच सगळ्यात अवघड होतं. सकाळी उशिरापर्यंत दव असायचं. ऊन आलं की भिंत वाफ टाकायची. आणि दुपार कलली की दरीतून धुकं चढायचं आणि तासाभरात सगळं पुन्हा ओलं. मधल्या त्या थोड्या वेळात रंगाखालच्या अस्तराचा हात मारायचा. एकदा घाई केली तर अस्तर भिंतीवरून ताकासारखं ओघळलं आणि ती सगळी बाजू पुन्हा खरवडावी लागली. थंडीने बोटं वाकायची नाहीत. ब्रश धरून धरून रात्री हात उघडायचे नाहीत.

रंग कोणता, ते मात्र ठरायचं होतं. अण्णाने फळ्या रंगवल्या. पिवळी, नारिंगी, निळी आणि गडद विटकरी. मी फाटकाशी उभं राहायचं, त्याने व्हरांड्यात एकेक फळी उभी करून ओरडून सांगायचं, आणि कोणती शेवटपर्यंत दिसते ते मी पाहायचं, असं ठरलं.

दुपारी धुकं आलं तसा मी खाली गेलो. धुकं येतं ते भिंतीसारखं येत नाही. आधी लांबची झाडं जातात, मग जवळची, मग आपल्याला वाटतं अजून सगळं दिसतंय, आणि पाहतो तर आपण आपल्या हातापलीकडे काही पाहत नसतो. मी फाटकाला पाठ लावून उभा राहिलो. घर कुठे आहे ते मला ठाऊक होतं, सरळ समोर वर. तिकडे पाहत होतो.

"पिवळी!" अण्णाची हाक आली.

ती समोरून आली नाही. डावीकडून आली, खालून, ओढ्याच्या बाजूने.

मला वाटलं अण्णा काहीतरी आणायला ओढ्याकडे उतरला असेल. मी ओरडून विचारलं, कुठे आहेस? उत्तर आलं, इथेच की. तेही डावीकडूनच. अगदी स्पष्ट, माणूस पाच-दहा पावलांवर उभा असावा तसा. मी त्या बाजूला चालू लागलो. आजही मला त्याचं नवल वाटतं, की समोर घर आहे हे माहीत असून माझे पाय त्या आवाजाकडे वळले. कानाने सांगितलं तेच खरं वाटलं. पायाखालची वाट संपून ओली पानं लागली तरी कळलं नाही. मग टाच घसरली, मी कॉफीचं झाड घट्ट धरलं आणि खाली पाण्याचा आवाज ऐकला.

तसाच लोंबकळत मी मान वळवली, आणि माझ्या उजव्या खांद्यामागे, वर, धुक्यात एक पुसट तांबडा डाग दिसला. अण्णाने एव्हाना विटकरी फळी लावली होती.

वर गेलो. अण्णाला सांगितलं. त्याला पटलं नाही. तो खाली गेला, मी व्हरांड्यातून हाका मारल्या. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. पायरीवर बसला. ओढ्यापलीकडचा कडा धुक्यात दिसत नव्हता, पण तो तिथेच होता आणि आमचे आवाज परत पाठवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ उन्हात आम्ही पुन्हा करून पाहिलं. तेव्हा हाक घराकडूनच आली, सरळ. म्हणूनच दोन वर्षं राहूनही यजमानांना ते कळलं नसावं.

राखणदार कन्नडिग होता, मळ्यावरच राहायचा. अण्णाने त्याला आडवळणाने विचारलं.  तो म्हणाला की त्या संध्याकाळी त्याने आपल्या खोलीतून दोघांच्या हाका ऐकल्या होत्या. साहेब हाक मारायचे आणि अक्का, म्हणजे काकू, वरून ओ द्यायच्या, आणि दर वेळी साहेबांचा आवाज आणखी खालून यायचा. त्याला वाटलं साहेब मुद्दाम तिकडे चाललेत, पाटाचं काहीतरी काम असेल; धुक्यात हाक कुठून ऐकू येते ते त्याला नंतर कळलं. अक्कांना हे सांगितलंस का, असं अण्णाने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. काय सांगायचं, असं तो म्हणाला. तुम्ही ओ दिलीत म्हणून ते खाली गेले, असं सांगायचं?

आम्हीही सांगितलं नाही.  घर विटकरी रंगवलं. येलहंक्याला जाऊन अण्णाने काकूंना एवढंच सांगितलं की हाच रंग सगळ्यात लांबून दिसतो, आम्ही तपासलंय. काकूंनी दोन्ही हात जोडले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

त्यानंतर दर दिवाळीला आम्ही जायचो, कारण दर पावसाळा तो रंग खायचा. पावसाच्या तोंडाची भिंत पापुद्रे सुटून कुष्ठ झाल्यासारखी व्हायची, आणि जिथे पापुद्रा सुटे तिथे खालून तो जुना पांढरा चुना डोकावायचा. आम्ही खरवडायचो, धुवायचो, पुन्हा लाल करायचो. दुपारी धुकं आलं की काम थांबायचं आणि आम्ही आत जाऊन बसायचो. कोणी कोणाला हाक मारायचं नाही, असा नियम आपोआप झाला होता. काही हवं असलं तर उठून जाऊन सांगायचं. रंगाऱ्यांना याचं कारण माहीत नव्हतं, तरी तेही तसंच करू लागले. एका दुपारी आम्ही सगळे आत बसलेले असताना खालून कोणीतरी बोलल्यासारखं ऐकू आलं. ओढा असेल. अण्णा उठला, दार लावून घेतलं आणि परत येऊन बसला. 

तिसऱ्या वर्षी काकू आमच्याबरोबर आल्या. मुलीचा विरोध होता, गुडघे दुखत होते, तरी आल्या. जीपमध्ये पुढे बसल्या. घराशी पोहोचल्यावर त्यांनी लाल भिंतींना हात लावून पाहिला, आत गेल्या, आपल्या जुन्या स्वयंपाकघरात चूल पेटवली आणि आम्हा सगळ्यांना पिठलं-भात करून घातला. अण्णाला वाटलं, बरं झालं, त्यांना इथे येऊन शांत वाटतंय.

जेवण झाल्यावर व्हरांड्यात बसून त्यांनी ती गोष्ट सांगितली जी येलहंक्याला सांगितली नव्हती. त्या दुपारी दोघांचं भांडण झालं होतं. काकूंना परत बंगळुरात जायचं होतं. यजमानांनी ऐकून घेतलं नाही, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, मग तुम्ही राहा इथे एकटे, मी चालले. त्यावर ते छत्री घेऊन उठले आणि पाट बघायला गेले. पाट हे निमित्त होतं.

"ते फार हट्टी होते," काकू म्हणाल्या. "हाक मारली, मी ओ दिली, आणि मग गप्प झाले. इतकी वर्षं मला वाटतं की त्यांनी ऐकलं आणि रागाने आले नाहीत. दुसरीकडे कुठे निघाले आणि मग काय व्हायचं ते झालं. रंगाचं मी लोकांना सांगते. मलाही सांगते."

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

दुपार कलली, धुकं चढलं. काकू उठल्या आणि म्हणाल्या, मला फाटकाशी जाऊन घर बघायचंय, ते जिथे उभे होते तिथून. अण्णाने थंडीचं निमित्त सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं. त्या ऐकेनात. शेवटी मी बरोबर जाईन असं ठरलं. पायरी उतरताना त्या वळल्या आणि अण्णाला म्हणाल्या, "तुम्ही इथे उभे राहा. मी उभी होते तिथेच. आणि मला हाक मारा."

"हाक कशाला, काकू?" अण्णा म्हणाला. "रंग दिसला म्हणजे झालं की."

"मारा," त्या म्हणाल्या.

आम्ही हळूहळू खाली गेलो. त्यांचा हात माझ्या दंडावर होता. फाटकाशी आल्यावर त्यांनी हात सोडवला. मी त्यांच्या डाव्या बाजूला, उताराच्या आणि त्यांच्या मध्ये उभा राहिलो. समोर वर, धुक्यात, घर दिसत होतं. घर म्हणजे काय, नुसता तांबडेपणा, कडा नसलेला. पण दिसत होता. त्या त्याकडे पाहत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

"काकू!"

अण्णाने मनापासून हाक मारली नव्हती, तरी ती आली. डावीकडून, खालून. काकूंनी झटकन मान वळवली. घराकडून तोंड फिरवून त्या ओढ्याकडे पाहू लागल्या.

"अण्णा तिकडे कसे?" त्यांनी विचारलं.



पुन्हा हाक आली. त्यांनी एक पाऊल त्या बाजूला टाकलं, मी त्यांचं कोपर धरलं. त्या माझ्याकडे वळल्या. मग घराकडे पाहिलं, मग ओढ्याकडे. तिसरी हाक आली तेव्हा त्या हलल्या नाहीत. डोळे मिटून ऐकत राहिल्या. मी मनात म्हणत होतो, अण्णा, आता थांब. तो थांबला.

पानांवरून पाणी टपकत होतं.

"म्हणजे ते माझ्याकडेच येत होते," काकू म्हणाल्या.

वर येताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. अण्णाने कॉफी केलेली होती. ती हातात घेऊन त्या पायरीवर बसल्या आणि विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं? अण्णा म्हणाला, पहिल्याच वर्षी कळलं. राखणदारालाही? अण्णाने होकारार्थी मान हलवली. त्यांनी कॉफी पिऊन संपवली. आम्ही वाट पाहत होतो, त्या रडतील, रागावतील, काहीतरी होईल. शेवटी त्या म्हणाल्या, मागची भिंत राहिलीय ना, ती उद्या उरकून घ्या, मला परवा निघायचंय.

आम्ही मागची भिंत पुरी केली. परतीच्या वाटेवर त्या जीपमध्ये गाढ झोपल्या, इतक्या गाढ की वळणावर त्यांचं डोकं काचेवर आपटू नये म्हणून मी मागून हाताने धरून बसलो.

पुढच्या दिवाळीला त्यांच्याकडून निरोप आला नाही. अण्णाने फोन केला तेव्हा मुलगी म्हणाली की घर विकायला काढलंय, आणि विकण्याआधी रंग द्यायला आई नको म्हणते. अण्णाने डोंगरातली दुसरी कामं आली तीही घेतली नाहीत. आम्ही इलेक्ट्रॉनिक सिटीकडे नव्या कारखान्यांच्या भिंती रंगवू लागलो, लांबच्या लांब, करड्या, कोरड्या भिंती. तिथे खाली उभं राहून कोणी मला हाक मारली की मी अजून लगेच ओ देत नाही. आधी माणूस कुठे आहे ते पाहतो. रंगारी हसतात.

येलहंक्याला मात्र आम्ही दसऱ्याला जायचो. काकू साडी नेसून तयार बसलेल्या असायच्या, अण्णाच्या बायकोची, माझ्या मुलांची चौकशी करायच्या. यजमानांचा विषय आता त्या स्वतःहून काढायच्या. त्यांचं जेवण, त्यांचं घोरणं, त्यांनी कारखान्यात कोणाशी घातलेले वाद. पूर्वी त्या म्हणायच्या, ते गेले त्या दिवशी. आता म्हणायच्या, ते परत येत होते त्या दिवशी. असं म्हणून अगदी सहज पुढचं काहीतरी सांगायच्या, त्या दिवशी भाजी कोणती केली होती ते. त्यांची मुलगी हे ऐकून आधी आईकडे आणि मग आमच्याकडे पाहायची. तिला किती ठाऊक होतं, मला माहीत नाही. काकू हसतमुख असायच्या. त्या बऱ्या झाल्या होत्या की आणखी कुठेतरी निघून गेल्या होत्या, ते मला कधीच ठरवता आलं नाही. अण्णाला बाहेर आल्यावर विचारलं, तर तो स्कूटरला किक मारत राहायचा.